पलंगावरून न उठता: बेडरूममधला टीव्ही एकाच रिमोटवर कसा आणायचा

गेल्या पावसाळ्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हॉलमधला टीव्ही तिच्या खोलीत गेला. त्याच्याबरोबर तीन रिमोटही गेले: टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा आणि इंटरनेटवरची ॲप्स दाखवायला मागे खोचलेल्या स्टिकचा. तिसऱ्याच रात्री अडीच वाजता हाक आली, "अगं, हे परत निळं झालं!" आवाज कमी करायला तिनं रिमोट उचलला होता. अंधारात बोट 'सोर्स'वर पडलं आणि पडद्यावर 'नो सिग्नल' आलं. उठून टीव्हीपर्यंत जाणं तिला शक्य नव्हतं. ज्या रिमोटनं ते निस्तरलं असतं तो पलंगाखाली गेला होता.

पुढचे दोन आठवडे मी एकाच कामाच्या मागे लागले. टीव्ही लावणं, बघायचं ते शोधणं, आवाज, बंद करणं, सगळं एका रिमोटवर, आडव्यानं, अंधारात, दुसऱ्या कुणाला हाक न मारता झालं पाहिजे. दुकानात आपण आधी टीव्ही बघतो, मग पेटी, आणि रिमोट खोक्यातून जो निघेल तो चालवून घेतो. झोपायच्या खोलीसाठी हा क्रम उलटा करा. आधी हात, मग रिमोट, मग पेटी, शेवटी टीव्ही. घरात कुणी आजारी नसेल तरीही.

आधी पलंगावर आडव्या व्हा

ज्यांच्यासाठी हे करायचं आहे त्यांच्या जागी, त्यांच्याच उशीवर डोकं टेकून पंधरा मिनिटं पडा. मी हे केलं नसतं तर निम्म्या अडचणी कळल्याच नसत्या.

डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. हे अंतर इंचांत घेऊन त्याला १.६नं भागलं की त्या जागेला चालेल असा पडद्याचा कर्ण मिळतो. ३२ इंची टीव्हीला सव्वाचार फूट, ४३ इंचीला पावणेसहा फूट आणि ५५ इंचीला सव्वासात फुटांच्या आसपास. आमची खोली दहा बाय अकराची. पाठीला तक्क्या लावून आई बसते तेव्हा अंतर सात फूट भरतं, म्हणजे हिशेबानं ५० इंची टीव्हीसुद्धा चालला असता. तरी मी ४३ इंचीच ठेवला. दिवसाचे पाच-सहा तास जिथे टीव्ही चालू असतो तिथे डोळे भरून जाणारा पडदा थकवतो, असं माझं मत आहे.

उंचीचा नियम हॉलपेक्षा वेगळा. सोफ्यावर बसलेल्याची नजर सरळ असते, तर रेललेल्या माणसाची थोडी वर जाते. म्हणून बेडरूममधला टीव्ही थोडा वर टांगून दहा-पंधरा अंश खाली झुकवलेला बरा. भिंतीवरचा स्टँड त्यामुळे झुकणाराच घ्या. कुशीवर झोपून बघायची सवय असेल तर टीव्ही विकत घेताना पॅनेलचा प्रकार विचारा. व्हीए पॅनेलचे काळे रंग समोरून गडद दिसतात, पण बाजूनं बघितलं की रंग उडतात. आयपीएस पॅनेल बाजूनंही बऱ्यापैकी तसंच दिसतं.

आता गुडघे वर घ्या आणि टीव्हीचा रिमोट दाबा. चालला नाही ना? टीव्हीचा 'डोळा' बहुतेक वेळा खालच्या पट्टीत असतो. गुडघे, पांघरुणाचा ढीग किंवा पलंगाची पायाकडची फळी मध्ये आली की किरण अडतात. आईचा पाय उशीवर उंच ठेवलेला असायचा. रिमोट नीट होता, सेल नवे होते आणि आम्ही दोन दिवस सेलच बदलत होतो.

रिमोटच्या जाती

जुन्या जातीचा रिमोट इन्फ्रारेडचा. आपल्याला न दिसणारा प्रकाश, साधारण ९४० नॅनोमीटरचा, सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकत संदेश पाठवतो. हा स्वस्त असतो, याचे सेल महिनोन्महिने टिकतात आणि जोडणी लागत नाही. पण तो समोरच धरावा लागतो. चालतो की नाही हे बघायचं तर फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. टोकाचा दिवा जांभळट चमकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यातून दिसला नाही तर पुढच्यातून बघा, कारण काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला हे किरण गाळणारी काच असते.

दुसरी जात ब्लूटूथची. स्टिक, गूगल टीव्ही आणि ॲपल टीव्ही यांचे रिमोट असे असतात. पांघरुणाच्या आतून, उशीखालून, भिंतीकडे तोंड करून दाबला तरी चालतो. झोपायच्या खोलीत हाच मुख्य रिमोट असावा. त्याच्या दोन खोडी लक्षात ठेवा. सेल उतरले किंवा पेटी अडकली की जोडणी तुटू शकते, आणि ती पुन्हा कशी करायची हे घरात कुणाला तरी पाठ असायला हवं. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकच्या रिमोटचं घरासारखं चिन्ह असलेलं बटण दहा सेकंद दाबून धरलं की तो पुन्हा जोडला जातो. दुसरी खोड अशी की टीव्ही स्वतः ब्लूटूथ समजेलच असं नाही. म्हणून अशा बऱ्याच रिमोटच्या टोकाला इन्फ्रारेडचा दिवाही असतो. टीव्ही चालू-बंद आणि आवाज त्यातून जातो, बाकीचं ब्लूटूथवरून. तुमच्याकडे रिमोट कुठेही वळवला तरी यादी सरकते पण आवाज मात्र फक्त टीव्हीकडे धरल्यावरच बदलतो, असं होत असेल तर कारण हेच.

यावरचा उपाय वायरीतून येतो. एचडीएमआय वायरीतल्या १३ क्रमांकाच्या पिनेवरून सीईसी नावाची सोय चालते. टीव्ही, स्टिक आणि साउंडबार तिच्यावरून एकमेकांशी बोलतात: 'मी जागा झालो', 'माझं चित्र दाखव', 'आता झोपा', 'आवाज वाढव'. वेग अगदी कमी, सेकंदाला जेमतेम ४०० बिट. बटण दाबल्यावर टीव्ही लागेपर्यंत क्षणभर जातो, त्यात घाईनं पुन्हा दाबू नये हे आईला सांगावं लागलं. पण ही सोय नीट बसली की एकच ब्लूटूथ रिमोट सगळं चालवतो.

बटणं मोजा

खरेदीआधी एक कागद घ्या. त्यावर तुमच्या माणसाला रोज लागणाऱ्या चार-पाच गोष्टी लिहा. आईची यादी अशी: संध्याकाळची मालिका, सकाळी अभंग, मराठी बातम्या, बाबांनी रेकॉर्ड केलेली कीर्तनं आणि झोप येत नाही तेव्हा जुनी नाटकं. आता टीव्ही बंद असल्यापासून ती गोष्ट सुरू होईपर्यंत किती वेळा बटण दाबावं लागतं ते प्रत्येकीपुढे मांडा. रिमोट बदलावा लागला तर त्याचे पाच धरा, कारण अंधारात दुसरा रिमोट चाचपडणं हीच खरी शिक्षा असते.

आमच्या जुन्या मांडणीत मालिकेला चौदा बटणं आणि दोन रिमोट लागत होते, म्हणजे एकोणीस. नव्या मांडणीत चार. कोणती पेटी जास्त वेगवान आणि कोणाच्या चित्रात किती रंग, या चर्चेपेक्षा या एका आकड्यानं माझे निर्णय सोपे झाले.

चार वाटा, आणि माझं मत

पहिली वाट म्हणजे टीव्हीतच असलेली ॲप्स. टीव्ही तीन-चार वर्षांच्या आतला असेल, ॲप पटकन उघडत असेल आणि यादीतलं सगळं त्यात मिळत असेल, तर काहीही विकत घेऊ नका. नवी पेटी म्हणजे नवा रिमोट. पण टीव्हीतली ॲप्स लवकर म्हातारी होतात. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०१९पासून काही जुन्या टीव्हींवर चालणं थांबवलं. फेब्रुवारी २०२५मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. असे बदल झाले की जुन्या टीव्हीला नवं ॲप मिळेलच याची खात्री नसते. पडदा मात्र दहा वर्षं सहज चालतो.

दुसरी वाट स्टिक किंवा छोट्या पेटीची: फायर टीव्ही स्टिक, शाओमीसारख्यांच्या गूगल टीव्हीवर चालणाऱ्या स्टिक, ॲपल टीव्ही. बहुतेकांनी याच वाटेनं जावं. निवडताना वैशिष्ट्यांच्या यादीआधी रिमोट हातात घेऊन बघा. आवाजाची बटणं त्यावर आहेत का? गूगलचं क्रोमकास्ट २०१३मध्ये आलं तेव्हा त्याला रिमोटच नव्हता, सगळं फोनवरून चालायचं. रिमोट आला तो २०२० साली, गूगल टीव्हीच्या रूपात. घरात जुनं क्रोमकास्ट पडलं असेल तर या कामासाठी ते काढू नका. अंधारात फोन उचलणं, त्याचा उजेड डोळ्यांवर घेणं आणि वाय-फाय जुळायची वाट बघणं, हे आजारी माणसाच्या आवाक्यातलं नाही.

ॲपल टीव्हीचा रिमोट देखणा आणि वेगवान आहे, पण त्याचं स्पर्शावर चालणारं गोल चाक आईच्या थरथरत्या बोटांना जमेना. सेटिंगमधून तो स्पर्श बंद करता येतो आणि मग फक्त दाबायची बटणं उरतात. एवढं केलं तर तोही चालेल.

बिननावाच्या स्वस्त अँड्रॉइड पेट्या मात्र घेऊ नका. त्यांतल्या पुष्कळ पेट्यांत फोन-टॅबलेटचं अँड्रॉइड भरलेलं असतं. रिमोटवर 'माऊस' नावाचं बटण दिसलं की समजा, पडद्यावर बाण हलवत बसावं लागणार. शिवाय त्यांना वाइडवाइनची, म्हणजे चित्राची नक्कल रोखणाऱ्या कुलपाची, सर्वांत वरची एल१ पातळी बहुधा नसते, म्हणून नेटफ्लिक्ससारखी ॲप्स चाललीच तरी ४८० ओळींचं धुरकट चित्र देतात. पेटीवर '८के' छापलेलं असतं आणि पडद्यावर नायिकेचे डोळे नीट दिसत नाहीत.

तिसरी वाट डीटीएचच्या जोडपेट्यांची. टाटा प्ले बिंज प्लस किंवा एअरटेल एक्सस्ट्रीमची पेटी, ज्यात छत्रीवरच्या वाहिन्या आणि ॲप्स एकत्र असतात. ज्यांना वाहिन्यांचे आकडे पाठ आहेत आणि तेच दाबून बघायचं आहे, त्यांच्यासाठी हीच योग्य. साध्या सेट-टॉप बॉक्सला मात्र सीईसी सहसा समजत नाही. निदान त्याचा रिमोट टीव्हीची पॉवर आणि आवाज शिकून घेतो का ते बघा. अनेक डीटीएच रिमोटवर ही सोय असते आणि वर्षानुवर्षं कुणी वापरत नाही.

आम्ही छत्रीच काढली. झी मराठीच्या मालिका झी५वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर मिळतात. मराठी बातम्यांच्या बऱ्याच वाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात. आईला आठवडाभर चुकल्यासारखं झालं. पण मालिका आपल्या वेळेनं आपली वाट बघते हे कळल्यावर तिनं छत्रीचं नाव काढलं नाही.

चौथी वाट स्वतःच्या संग्रहाची. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

जोडणी, पायरीपायरीनं

स्टिकला वीज तिच्यासोबत आलेल्या ॲडॅप्टरमधूनच द्या. टीव्हीच्या यूएसबी खोबणीतून देऊ नका, वायर कितीही नीटनेटकी दिसली तरी. त्या खोबणीतून बहुधा अर्धा अँपिअर मिळतो आणि स्टिकला साधारण एक लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, टीव्ही बंद झाला की ती खोबणीही बहुतेक टीव्हींत बंद होते. मग स्टिकच मेलेली असते, ती टीव्हीला जागं करणार कशी? 'सीईसी चालत नाही' अशी तक्रार असलेल्या घरांत मी सगळ्यात आधी हेच बघते.

खोक्यात आलेली बोटभर लांबीची एचडीएमआय वायर वापरा. त्यामुळे स्टिक टीव्हीच्या पाठीपासून सुटी राहते, तापत कमी आणि वाय-फाय जास्त पकडते.

आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी शोधा. त्या नावानं ते क्वचितच सापडतं, कारण प्रत्येक कंपनीनं वेगळं बारसं केलंय. सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. ते चालू करा आणि खाली 'आपोआप चालू' व 'आपोआप बंद' अशा अर्थाचे उपपर्याय असतील तर तेही. मग स्टिकमध्ये. फायर टीव्हीत 'डिस्प्ले अँड साउंड्स'मध्ये 'एचडीएमआय सीईसी डिव्हाइस कंट्रोल' आहे. गूगल टीव्हीतही डिस्प्लेच्या भागात सापडतं.

दोन्ही मुख्य स्विचवरून बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा लावा. मग टीव्ही बंद ठेवून स्टिकच्या रिमोटचं होम बटण दाबा. टीव्ही जागा होऊन थेट स्टिकच्या पडद्यावर आला की जिंकलं.

नाही आला तर वायर बदलून बघा. काही स्वस्त वायरींत १३ नंबरची तार जोडलेलीच नसते. चित्र-आवाज व्यवस्थित येतो, पण निरोप जात नाही. टीव्हीला आणखी काही जोडलं असेल, गेम खेळायचा कन्सोल वगैरे, तर त्याचं सीईसी बंद करा, नाहीतर तो मध्येच उठून पडदा आपल्याकडे ओढतो. साउंडबार असेल तर तो 'एआरसी' लिहिलेल्या खोबणीतच हवा. टीव्हीचा आवाज त्याच वायरीनं उलटा साउंडबारकडे जाण्याची ही सोय २००९च्या एचडीएमआय १.४पासून आहे.

इतकं करूनही सीईसी बसलं नाही तर रिमोटच्या इन्फ्रारेडवर पॉवर आणि आवाज शिकवा आणि टीव्हीत 'चालू होताना कोणता इनपुट' असा पर्याय आहे का ते शोधा. तिथे स्टिकची खोबणी कायमची ठरवा. नंतर टीव्हीचा मूळ रिमोट सेल काढून कपाटात ठेवा. तो हाताशी राहिला तर 'सोर्स' पुन्हा दाबलं जाणारच.

इंटरनेटचं थोडक्यात. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार १०८० ओळींच्या चित्राला ५ आणि ४के चित्राला १५ एमबीपीएस पुरतात. तेवढा वेग बहुतेक ब्रॉडबँडला असतोच. अडतं ते हॉल ते बेडरूमच्या भिंतीत, आणि त्याहून जास्त लोखंडी कपाटात. राउटर आणि टीव्हीच्या मधल्या रेषेत कपाट असेल तर राउटर हलवा किंवा कपाट. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असला तरी भिंतीत लवकर थकतो. दोन भिंती असतील तर २.४वर ठेवून बघा.

बाबांची कीर्तनं: स्वतःचा संग्रह

बाबांनी वीस-पंचवीस वर्षं गावच्या सप्ताहातली कीर्तनं आधी कॅसेटवर आणि नंतर छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपली होती. ती भावानं संगणकावर घेतली, एका हार्ड डिस्कवर भरली आणि तिथेच राहिली. कारण ती लावायला लॅपटॉप लागायचा. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त समाधान या भागानं दिलं.

सोपा मार्ग पेन ड्राइव्हचा. टीव्हीला लावून बघा. अडचण आली तर ती बहुधा तीनपैकी एक असते. पेन ड्राइव्ह 'फॅट३२' या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, म्हणून तो 'एक्सफॅट' पद्धतीनं फॉरमॅट करा. चित्र दिसतं पण आवाज नाही असं झालं तर फाइलमध्ये डीटीएस पद्धतीचा आवाज असण्याची शक्यता आहे, अनेक टीव्हींना तो वाजवता येत नाही. आणि तिसरी म्हणजे यादीत नुसती फाइलची नावं दिसतात, 'एमओव्ही००१२' वगैरे. आजारी माणसानं त्यातून काय निवडायचं?

म्हणून आम्ही कोडी बसवलं. हे आपल्याकडचे व्हिडिओ पडद्यावर मांडून दाखवणारं फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर. मुळात २००२ साली एक्सबॉक्स खेळयंत्रासाठी सुरू झालं, २०१४मध्ये त्याला कोडी हे नाव मिळालं. हॉलमध्ये टीव्ही पाहणाऱ्यासाठी, म्हणजे रिमोटसाठीच ते घडवलेलं आहे. बाण, ओके आणि मागे एवढ्या बटणांत सगळं होतं. ते स्टिकवरही बसतं. माझ्याकडे जुना 'रास्पबेरी पाय ४' हा तळहाताएवढा संगणक होता (पुढे त्याला नुसतं 'पाय' म्हणते), त्यावर लिबरेइलेक ही फक्त कोडी चालवणारी प्रणाली टाकली. ती एवढ्याशा मेमरी कार्डावर मावते आणि चालू होताच थेट कोडी उघडते. पायला सीईसी मुळातच समजतं, त्यामुळे टीव्हीचाच रिमोट कोडी चालवतो. वायर विजेच्या खोबणीजवळच्या एचडीएमआयला लावा, दुसरीला नको.

आमच्याकडे मात्र टीव्हीचा रिमोट कपाटात गेला होता. म्हणून शेवटी तो 'पाय' संगणक दुसऱ्या खोलीत ठेवून त्यावर जेलीफिन हा, डिस्कवरचे व्हिडिओ घरातल्या नेटवर्कवरून पाठवणारा सर्व्हर टाकला आणि आईच्या स्टिकवर जेलीफिनचं ॲप. डिस्क तिकडे, बघणं इकडे, रिमोट एकच. याला एक अट आहे: फाइल स्टिकला जशीच्या तशी वाजवता आली पाहिजे. चालता चालता रूपांतर करायची वेळ आली तर पाय धापा टाकतो. म्हणून सगळ्या फाइल आधीच एच.२६४ पद्धतीच्या चित्रात आणि एएसी पद्धतीच्या आवाजात करून घ्या. हे एकदाच करायचं काम आहे.

प्रत्येक कीर्तनाचं वेगळं फोल्डर करा आणि त्यात इंग्रजीत 'folder' नावाचं एक चित्र ठेवा. पडद्यावर तेच दिसतं. मी बाबांच्या वहीतली त्या-त्या वर्षाची पानं आणि देवळाचे फोटो वापरले. आई नावं वाचत नाही, फोटो बघून ओके दाबते. कोडीत देवनागरी नावांऐवजी चौकोन दिसले तर सेटिंगमध्ये अक्षरांचा प्रकार 'एरियल बेस्ड' करा, आणि जोडाक्षरं नीट येतात का ते आपल्या डोळ्यांनी बघा.

एक बारीक पण छळणारी गोष्ट. यूएसबी ३ची डिस्क आणि तिची वायर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात बोलतं. डिस्क पेटीला चिकटून ठेवली तर रिमोट अडखळतो, दाबलेलं बटण जात नाही किंवा दोनदा जातं. डिस्क दीड-दोन फूट लांब न्या.

रात्रीचा आवाज

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, आणि लगेच पार्श्वसंगीत कानठळ्या बसवतं. टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' शोधा. तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो. ब्लूटूथ हेडफोन लावायचे असतील तर ओठ आणि आवाज यांत फरक पडतो का ते घेण्याआधी बघा. साध्या जोडणीत सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशीर सहज होतो. आईला हेडफोन नकोच होते, दारावरची बेल ऐकू यायला हवी म्हणून. उशीजवळचा छोटा स्पीकर तिला पटला. झोपेच्या टायमरची सवय मात्र लावा. तो दोन बटणांत लागत नसेल तर कुणी लावत नाही.

पडदा स्वच्छ करा

होम बटणानं येणारा पहिला पडदा उघडला की जाहिराती, आपोआप सुरू होणारी झलक आणि न मागितलेल्या शिफारशी. फायर टीव्हीत 'प्रेफरन्सेस'मधल्या 'फीचर्ड कंटेंट'मध्ये जाऊन व्हिडिओ आपोआप चालणं बंद करा. गूगल टीव्हीत 'ॲप्स ओन्ली मोड' आहे, त्यानं शिफारशींची गर्दी हटते. ॲप्सच्या रांगेत रोजची चारच पुढे आणा, तीही रोज त्याच क्रमानं. नंतर क्रम बदलू नका. बोटांना तो पाठ होतो.

लॉगिन सगळी तुम्ही करा, पासवर्ड एकेक अक्षर सरकवत टाकायला त्यांना लावू नका. बरीच ॲप्स पडद्यावर कोड दाखवतात, तो फोनवर टाकून काम होतं. घरातल्या पाच जणांची प्रोफाइल एकाच खात्यात असतील तर दर वेळी 'कोण बघतंय' विचारलं जातं. शक्य असेल तिथे त्यांचं खातं वेगळं ठेवा, बटण वाचतं. खरेदीला पिन लावा, अंधारात भाड्यानं सिनेमा घेतला जाऊ नये म्हणून.

वीज गेली की

आमच्याकडे सांगलीत पावसात वीज जाते-येते. राउटर आणि फायबरच्या डबीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. घेताना दोन्ही ॲडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळतो का ते बघा. नाहीतर वीज पाच सेकंद गेली तरी राउटर उठेपर्यंत काही मिनिटं 'इंटरनेट नाही' असा पडदा दिसतो आणि हाक येते. पायसारख्या संगणकाचं कार्ड अचानक वीज गेल्यानं बिघडू शकतं, त्यामुळे त्याच्या कार्डाची एक प्रत करून ठेवा. आणि रात्री तीन वाजता वीज आल्यावर टीव्ही आपोआप लागत असेल तर घाबरू नका. पेटी जागी होते आणि सीईसीवरून टीव्हीला उठवते. कोडीत सीईसीच्या सेटिंगमध्ये, चालू होताना टीव्हीला जागं करण्याचा पर्याय बंद करता येतो.

हाती देताना

सगळं झाल्यावर दिवे घालवा, रिमोट त्यांच्या हाती द्या आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून खुर्चीवर बसा. सांगायचं नाही, दाखवायचं नाही. कुठे बोट थबकतं, कुठे चुकतं ते लिहून घ्या. एका मोठ्या अक्षरातल्या कार्डावर चारच ओळी लिहून पलंगाशेजारी चिकटवा: 'लावायला हे', 'हरवलात तर हे', 'आवाज हा', 'बंद हे'. सेल अल्कलाइनच घाला, दुसरी जोडी उशाच्या खणात ठेवा. रिमोटला सिलिकॉनचं आवरण आणि दोरी लावून ती पलंगाच्या कठड्याला बांधा. त्या दिवसापासून आमचा रिमोट खाली पडला नाही.

अंधारात बोटाला ओळख पटावी म्हणून मी होम बटणावर नेलपॉलिशचे दोन-तीन थर देऊन उंचवटा केला होता. आधी टिकली लावून पाहिली, ती घामानं दोन दिवसांत निघाली. तिसऱ्या रात्री आई म्हणाली, "अगं, हा ठिपका चुकीच्या जागी आहे. घरी जायचं मला कळतं. चुकून भलतीकडे गेले की मागे यायचं बटण सापडत नाही." मी जुना ठिपका पुसला आणि 'मागे'च्या बटणावर नवा दिला.